राजांनी विचारलेला पत्ता

नाताळच्या दिवशी आमच्या गोठ्यात राजे नसतात. गोठा म्हणजे बाळ येशू जन्मला तो, आमच्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात गवताचा केलेला. आई, बाप, बाळ, एक गाय, दोन मेंढरं आणि एक मेंढपाळ एवढी मंडळी पंचवीस डिसेंबरला हजर असतात. तीन राजे त्या दिवशी स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत उभे असतात, मिसळणाच्या डब्याला टेकून. तिथून रोज वीतभर पुढे सरकवत सहा जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, त्यांना गोठ्यापाशी पोचवायचं. हे माझ्या आईनं लावून दिलं आणि ती गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं.

गळ्यात पडलं असंच म्हणते. मला रोज वीतभर हा प्रकार झेपत नाही. लहानपणी आईची पाठ फिरली की मी त्यांना दोन-तीन वीत पुढे ढकलायची, आणि आई काही न बोलता त्यांना परत मागे आणून ठेवायची. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तिथेही धडा संपायच्या आत पुढच्या नकाशाची गुंडाळी सोडायची. आज त्रेसष्ट वर्षांची आहे, तरी एका जागी बसून चहा पिणं मला जमत नाही. कप हातात घेऊन पडवीत फेऱ्या मारते.

दोन राजे आईनं गोव्याहून आणलेले. तिसरा माझ्याच हातून फुटला. तेव्हा बाजूच्या वाडीतल्या गणपती घडवायच्या शाळेतून नवीन करून घेतला. मूर्तिकारानं राजा म्हटल्यावर त्याला जो ठाऊक तो राजा केला, दशावतारातला. मोठे काजळ घातलेले डोळे, गालावर लाली, वळलेल्या मिशा, डोक्यावर हा एवढा मुकुट. बाकीचे दोघे थकलेले, मान खाली घातलेले, आणि हा आत्ता तलवार उपसून पदच म्हणेल असा. मी त्याला नेहमी पुढे ठेवते. पत्ता विचारायला पुढे झाला असेल तो असाच कुणीतरी असणार, असं मला वाटतं.

कारण पत्ता त्यांनी विचारला होता. मला त्या गोष्टीत खुपतं ते तेवढंच. खरं तर ते राजे होते असं शुभवर्तमानात कुठेच लिहिलेलं नाही. तीन होते असंही नाही. भेटी तीन होत्या म्हणून आपण माणसं तीन धरली. पूर्वेकडून आलेले, आकाशातल्या ताऱ्यांचा हिशोब मांडणारे शहाणे लोक, एवढंच. त्यांना नवा तारा दिसला. नवा राजा जन्मला असं त्यांच्या गणितात आलं. ते निघाले. इथवर ठीक आहे. पण राजा जन्मला म्हणजे तो राजवाड्यातच असणार असं धरून हे शहाणे सरळ यरुशलेमच्या राजवाड्यात शिरले आणि तिथल्या राजालाच विचारते झाले, नवा राजा कुठे जन्मलाय? तो राजा दचकला. मग गोड बोलला. म्हणाला, सापडला की मलाही कळवा, मीही येऊन नमस्कार करीन. पुढे त्यांना बाळ सापडलं, सोनं-ऊद-बोळ देऊन झालं, स्वप्नात इशारा मिळाला आणि ते दुसऱ्या वाटेनं घरी गेले. बाळाच्या आईबापांनाही वेळेत कळलं म्हणून ते बाळ घेऊन परदेशी पळाले. पण त्या गावात मागे उरलेली बाळं राजानं मारून टाकली. त्या बाळांचा सण अठ्ठावीस डिसेंबरला येतो, आणि तेव्हा आमचे राजे खिडकीपासून तीन विती पुढे, पाण्याच्या पिंपाशी असतात. आईला मी विचारलं होतं की अजून हे पोचलेच नाहीत तर बाळं आधीच कशी मेली. आई म्हणाली, गप ऱ्हव.

फादरना मी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अडवून विचारलं आहे, एकदा नव्हे. ते गेले कशाला? फादर म्हणतात, भक्तीनं. मला ते पुरेसं वाटत नाही. भक्ती घरी बसूनही होते. आपलं गणित बरोबर आलं की नाही ते डोळ्यांनी बघायचं असतं माणसाला. आणि भेटी घेऊन जाणाऱ्याला आपण भेटी घेऊन आलो हे चार लोकांनी पाहिलेलंही हवं असतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण सहा वर्षांपूर्वी मी तेच केलं.

माझ्याकडे एक मुलगी राहायची. आई तिची लहानपणीच गेलेली, बाप ट्रॉलरवर, महिना-महिना समुद्रात. आठवीत तिला मी घरी आणली ती बारावीपर्यंत माझ्याकडेच होती. मला संसार नाही, मूलबाळ नाही. ती मला बाईच म्हणायची, मीही दुसरं काही म्हणवून घेतलं नाही. अभ्यासात बरी, पोह्यात मीठ हटकून विसरायची, आणि रागावली की बोलत नसे, फक्त दार हळू लावायची. पुढे बापानं तिचं लग्न रेडीच्या बाजूला लावलं. सासऱ्याचे खनिजाचे ट्रक, चिऱ्यांचं मोठं घर, पुढे लोखंडी फाटक. लग्नात मला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती. सासूनं विचारलं, ह्या कोण? कुणीतरी सांगितलं, शाळेतल्या बाई. तेवढ्यावर तिचं समाधान झालं आणि ती पुढे गेली. ते माझ्या मनातून गेलं नाही.

बाप पुढे वारला. मुलीचे फोन कमी होत गेले, मग लागेचनात. सासरी रमली म्हणायचं, आणि थोडं रागवायचंही, असं माझं चाललेलं. आणि एक दिवस शाळेत खिचडी शिजवणारी मावशी धावत आली. तिची भाची वैभववाडीत नर्स. तिनं सांगितलं होतं की बाईंची ती चेडू बाळंत झाली, झिल झालो, म्हणजे मुलगा, होऊन सव्वा महिना झाला.

वैभववाडीत का, हा प्रश्न मला पडला आणि मीच तो सोडवला. तिची एक आत्या तिकडे असते हे मला ठाऊक होतं. भावाशी भांडून तुटलेली, लग्नालाही नव्हती आली. आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आत्याकडे झालं असणार. आणि सव्वा महिना झाला म्हणजे आता ती सासरी परतली असणार, आत्या जास्त दिवस कशाला ठेवून घेते! झालं गणित. फोन का लागत नाही हे त्या गणितात मी धरलंच नाही.

आम्ही तिघी निघालो. मी, मावशी, आणि माझी शेजारीण, तिला मी वहिनी म्हणते. वहिनीच्या घरची होडी आहे, आणि त्या मुलीला मासे साफ करायला तिनंच शिकवलेलं. मावशीनं हळिवाचे लाडू केले. वहिनीनं आपल्या माडांच्या नारळांचं तेल गाळून बाटली भरली. मी दुपटं शिवलं, कडेला निळी पट्टी लावून. वेंगुर्ल्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. रिक्षात वहिनी मला चिडवत होती की बाई आज इस्त्रीची साडी नेसून चालल्या, जणू इन्स्पेक्शनला. मी हसले. खरं होतं ते. त्या सासूनं मला नीट बघावं, आणि या मुलीला माहेर आहे हे त्या फाटकाच्या आत शिरून दाखवावं, म्हणून मी चालले होते. बाळाला बघायचं होतंच, पण ते दुसरं.

सासरा पडवीतच होता. "येवा, येवा, बसा," म्हणाला. सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी बसलेसुद्धा नाही.

"बाळंतीण खंय आसा? झोपली काय?" मी विचारलं. "आमी बाळाक बघूक इलंव."

सासूच्या हातातला तांब्या हातातच राहिला. सासऱ्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खंय बाळंत झाली?" त्यानं विचारलं.

कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. "वैभववाडीक," मी म्हटलं. "आत्येकडे."

"झिल झालो," वहिनी कौतुकानं म्हणाली.

मग तो माणूस हसला. इतकं चांगलं हसला की मला बरं वाटलं. "चेडवा आजकालची, रुसतत," तो म्हणाला. "आमका काय सांगूक नाय. तुमी जातल्यात मां तिका बघूक? आत्येचो पत्तो गावलो काय माका कळवा. आमकाय बघूचो आसा आमचो नातू." कोकम सरबत आलं. त्यानं माझा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला, बाई म्हणून, आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. सासूनं निघताना मला वाकून नमस्कार केला. ज्यासाठी गेले होते ते मला मिळालं होतं.

रिक्षात मी आणि वहिनी बोलत होतो. मावशीनं लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. शिरोड्याच्या पुढे आल्यावर ती एकदम म्हणाली, "बाई, त्या बाईन एकदाय विचारूक नाय, चेडू बरी आसा काय म्हणान."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली.

मावशी पुढे म्हणाली, "आणि बारशाची वाट बघतत त्या घरात पाळण्याची तयारी नाय, काय नाय. त्येंका म्हायतीच नाय होता. आपण सांगलव."

मुलीनं त्यांना काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणजे ती त्यांच्यापासून लपली होती. आणि मी इस्त्रीची साडी नेसून जाऊन त्यांना तालुका सांगितला, नातं सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर ते हसू आलं आणि मी रिक्षावाल्याला उगाचच ओरडले की जरा लवकर घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कुडाळहून गाडीत बसले. डबा, बाटली, दुपटं, तिन्ही पिशवीत. गाडीत बसवेना, दाराशी उभी राहिले. कणकवली गेलं आणि फोन वाजला. सासरा. "काय बाई, कळला काय?" मी म्हटलं, "नाय हो, अजून काय नाय." आवाज इतका सहज निघाला की माझी मलाच भीती वाटली. मागे गाडीची शिट्टी झाली ती त्यानं ऐकली की नाही, याचा विचार मी वैभववाडी येईपर्यंत करत राहिले.

स्टेशनाबाहेर उतरून बाजारात गेले आणि तिथे पाय थांबले. आत्याचं घर मला माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला? एरवी मी दहा जणांना विचारते आणि अकराव्याला त्याचं नाव-गावही विचारते. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ज्याला विचारीन तो उद्या ट्रकवाल्यांना सांगेल, हो, काल एक म्हातारी बाई विचारत होती. मावशीच्या भाचीलाही फोन करवेना. मी नुसती चालत राहिले. बाजार, बाजारामागच्या गल्ल्या, परत बाजार. चपलेचा अंगठा तुटला, तो पिशवीच्या दोरीनं बांधला. ऊन चढलं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही. भूगोलाची बाई तासभर एका एवढ्याशा गावात भरकटत होती.

मग एका चाळीच्या मागे दोरीवर लंगोट वाळत घातलेले दिसले. लंगोट कुठेही दिसतात. पण हे हिरव्या-पांढऱ्या चौकडीचे होते, मऊ झालेल्या सुती साडीचे. ती साडी माझी. दहावीच्या निरोप समारंभाला नेसायला मी तिला दिली होती आणि परत मागितली नव्हती. ती तिनं सासरी नेली होती, आणि सासरहून निघताना बरोबर घेतली होती.

ती दारात आली. वाळली होती. डाव्या हाताचं एक बोट सरळ होत नव्हतं, तो हात तिनं पदराखाली घेतला. बाळ त्याच चौकडीत गुंडाळलेलं, काळंभोर जावळ, झोपेत ओठ हलवत होतं.

"बाई," ती म्हणाली, आणि क्षणभर तिचा चेहरा आठवीतला झाला. मग लगेच, "तुमका कोणी सांगल्यान मी हंय आसंय ता?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, साडीची इस्त्रीसुद्धा नाही. ती ऐकत राहिली. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि कपडे भरायला लागली. तिच्याकडून कळलं ते एवढंच, की नवरा मारायचा, सासऱ्यानं सांगून ठेवलं होतं की झिल झाला तर मूल आमचं, तू कुठेही जा. आत्या रिक्षा बघायला गेली. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले. आयुष्यात तेवढीच पंधरा मिनिटं मी न हलता बसले असेन.

लाडवांचा डबा तिनं घेतला. दुपटं घेतलं. तेलाची बाटली सांडेल म्हणून ठेवली.

रिक्षा आली. "खंय जातलस गो?" मी विचारलं. विचारून गेले.

तिनं बाळाला माझ्याकडून घेतलं. आवाजात राग नव्हता, एखाद्याला औषधाची वेळ सांगावी तसं ती म्हणाली, "बाई, ता तुमका सांगूचंय नाय. कोणी विचारल्यान तर तुमी सांगतल्यात." आणि रिक्षात बसली. जाताना तिनं माझ्या हाताला हात लावला, वाकड्या बोटाचा.

मी गाडीनं परतले नाही. स्टेशनवर कुणी भेटेल अशी धास्ती. फोंडाघाटावरून देवगडची एसटी धरली, तिथून कुणकेश्वराचा फाटा, आचरा, अशी किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी आले. दुसऱ्या वाटेनं. हे माझ्या आचऱ्याच्या पुलावर लक्षात आलं, आणि मला त्याचं अजिबात कौतुक वाटलं नाही.

दोन दिवसांनी वैभववाडीत सासऱ्याची जीप गेली. आत्यानं खरं तेच सांगितलं, की ती कुठे गेली ते आपल्याला ठाऊक नाही. मग जीप माझ्या दारात आली. सासरा पडवीत बसला, सरबत मी दिलं. या वेळी तो हसला नाही. "खंय आसा?" त्यानं विचारलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "माका म्हायत नाय." खोटं बोलावं लागलं नाही. तिनं न सांगून त्याला अडवलं होतं, आणि मलाही वाचवलं होतं.

त्यानंतर सहा वर्षं. राजांना मी अजून चालवते, पण चिडचिड करत. मूर्तिकाराच्या राजाला आता मागे ठेवते. कधी पिंपापाशी, कधी उंबऱ्यावर त्यांना थांबवून मी उभी राहते आणि वाटतं, इथूनच मागे वळवावं यांना. घरी परतल्यावर ते काय करत असतील? बाळाचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी कळवलं का? आणि मागे उरलेल्या बाळांचं? शुभवर्तमानात त्यांच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. पोचले, दिलं, गेले. माझं म्हणणं आहे की ते उरलेलं आयुष्य पडवीत फेऱ्या मारत असणार. वहिनी म्हणते, बाई, बसा जरा, लादी झिजली.

यंदा सहा जानेवारीला सकाळी मी त्यांना गोठ्यापाशी ठेवत होते. फोन वाजला. नंबर अनोळखी.

"बाई."

तीच बोलली. बरी आसंय. काम आसा. झिल शाळेत जाता, नकाशे काढता, भिंतीर पण काढता. मागून त्याचा आवाज येत होता, कुणाशी तरी तावातावानं भांडत होता, आणि माणसांची वर्दळ, चहावाल्याची हाक. कुठलं तरी स्टेशन होतं. माझे कान टवकारले. कुठल्या भाषेतली हाक? हवा कशी असेल तिथे? मी भूगोलाची बाई, अर्ध्या आवाजावरून जिल्हा ओळखीन. प्रश्न अगदी ओठांवर आला होता.

तेवढ्यात तिच्याकडे भोंग्यावर घोषणा सुरू झाली. आधी टिंग-टाँग, मग गाडीचा क्रमांक. आता गाव येणार.

मी फोन कानापासून लांब धरला. हात पूर्ण लांब करून, खिडकीबाहेर. माडावर कावळा ओरडत होता, तो ऐकत राहिले. मनात वीस आकडे मोजले, मग आणखी दहा, आणि फोन कानाला लावला.

"बाई? आसात मां?" ती विचारत होती.

"आसंय गो," मी म्हटलं. "सांग, काय म्हणा होतस?"